मूर्तिजापूरचा तह

माझ्या मुलीच्या लग्नाला कुणाचाच विरोध नव्हता, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात वाटाघाटींवर एक प्रकरण आहे, ते कित्येक वर्षं माझ्याच वाट्याला येतं. राजदूतांनी कुठं बसावं, किती बोलावं, गप्प केव्हा राहावं, मध्यस्थ कसा असावा, हे मी पोरांना फळ्यावर आकृत्या काढून समजावतो. प्रत्यक्षात मी कोथिंबिरीच्या जुडीवरूनही कधी घासाघीस केलेली नाही. भाजीवाला म्हणेल ते मान्य करतो आणि वर त्याला 'बरं झालं बुवा' म्हणून येतो.

मुलगी शिकायला म्हणून एस्टोनियाला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी एक उंच, फिकट पोरगा बसलेला. तो बोटींची वेळापत्रकं तयार करायच्या कामावर आहे, असं तिनं सांगितलं. पोरगा 'नमस्कार' म्हणाला आणि मग संपूर्ण कॉलभर आमच्याकडे बघून हसत राहिला. बायको म्हणाली, पोरगा शांत आहे. मी म्हटलं, बरं झालं. झालं आमच्याकडून.

खरी काळजी मोठ्या बाबांची होती. मोठे बाबा म्हणजे माझे थोरले भाऊ. मुलीनं लहानपणी ठेवलेलं नाव आता आम्ही सगळेच वापरतो. ते गावी शेती बघतात, काळ्या जमिनीत तूर आणि सोयाबीन घेतात, आणि आसपासच्या गावांत लग्नाची बैठक असली की त्यांना बोलावणं असतं. त्यांनी जमवलेल्या सोयरिकींपेक्षा मोडता मोडता वाचवलेल्या जास्त, आणि त्यातल्या बऱ्याचशा मोडायच्या बेताला त्यांनीच आणलेल्या. मी घाबरत घाबरत गावी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगा कसा हाय?"

"चांगला आहे, दादा."

"देणंघेणं?"

"काहीच नाही. त्यांच्यात तसलं नसतं."

"बाप काय म्हंते?"

"हो म्हणतो."

"अन् तू?"

"मीही हो म्हटलं."

मोठ्या बाबांनी तुरीची एक शेंग तोडून सोलली. "मंग बैठक कायची घ्याची?"

"घ्यायचीच नाही. सगळ्यांना मान्य आहे ना."

"असं कसं, बाप्पा? सगळेच हो म्हणून राहिले म्हंजे कोणीतरी काहीतरी लपवून राहिलं."

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात मुलाच्या वडिलांशी बोलणं झालं, आणि ते अगदी हेच म्हणाले. हे गृहस्थ त्यांच्या परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले. राजदूत वगैरे नव्हते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं: समुद्रात कुठल्या देशानं किती मासे पकडायचे, याच्या वाटाघाटी. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या बाजूनं बोलणी कोण करणार? मतभेदाचे मुद्दे कोणते?"

"मतभेद नाहीत," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या अनुभवात मतभेद नसतातच असं कधी होत नाही. ते फक्त दिसत नसतात. न बोलता झालेला करार टिकत नाही."

मी हे मोठ्या बाबांना फोनवर सांगितलं. पलीकडून आवाज आला, "हा मानूस खानदानी हाय."

त्या हिवाळ्यात व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे महिनाभर राहायला आले. त्यांच्याकडे तेव्हा दिवस उगवतो न उगवतो तोच मावळतो, म्हणून उन्हाची त्यांना भारी अपूर्वाई. लग्न फेब्रुवारीत, तेव्हा पोरं येणार, आणि तोवर बोलणी उरकायची असं ठरलं. वरची खोली आम्ही त्यांना दिली. विहीणबाई पहिल्याच सकाळी माझ्या बायकोसोबत अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या दिवसभर बोलत होत्या.

व्याहींनी मात्र घरभर फिरून बसायची जागा पाहिली आणि मान हलवली. आमचं जेवणाचं टेबल लांबट. लांबट टेबलाला डोकं असतं, म्हणाले, आणि जो डोक्याशी बसतो तो यजमान ठरतो. टेबल गोल हवं. मोठ्या बाबांना हा मुद्दा इतका पटला की त्यांनी एका मंगल कार्यालयाच्या मालकाला फोन लावला, आणि दुपारी टेम्पोतून एक भलंमोठं गोल टेबल आलं. त्यावर एरवी जिलेबीची परात ठेवत असावेत, कारण ते चिकटत होतं. ते आमच्या दारातून आत जाईना. आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं. शेवटी मोठे बाबा म्हणाले, "असू दे. बैठक बाहेरच होईल." अशा रीतीनं आमच्या घरासमोरच्या गल्लीत, कडुनिंबाखाली, आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचं टेबल लागलं. स्कूटरवाले त्याला वळसा घालून जायचे आणि जाता जाता विचारायचे, "निवडणूक हाय का, सर?"

बैठकीला चौथा माणूस आला तो अकोल्याहून. तो म्हणजे माझा मेहुणा, मुलीचा मामा. मामांचं जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे फुलांचं दुकान आहे आणि बाळापूरच्या रस्त्याला झेंडू-शेवंतीचं वावर. मुलगी अकरावी-बारावीला त्यांच्याच घरी राहिली होती. मामा तासभर उशिरा आले, आणि आल्या आल्या कळलं की ते मुद्दाम उशिरा आलेत. लवकर येणारा गरजू ठरतो.

व्याहींनी सुरुवात केली. आपण सगळे मित्र आहोत, घाई नाही, लग्न कुठं व्हावं इथपासून सुरू करू या.

"अमरावतीले," मोठे बाबा म्हणाले.

"अकोल्याले," मामा म्हणाले.

मी भाषांतर करायची गरज नव्हती. व्याहींनी खुर्ची पुढं ओढली. इतके दिवस मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. मतभेद सापडला होता.

मला खरंच कल्पना नव्हती. मला वाटत होतं लग्न अमरावतीलाच होणार, कारण आम्ही अमरावतीला राहतो. मोठ्या बाबांचं म्हणणं तेच होतं: पोरगी आमची, मांडव आमच्या दारात. मामांचं म्हणणं, पोरगी बारावी झाली ती माझ्या घरच्या वरणभातावर, तेव्हाच मी तिच्या मायला शब्द दिला होता की हिची वरात माझ्या दारातून निघेल. माझ्या बायकोनं तो शब्द घेतला होता की नाही हे विचारायला कुणी उठलं नाही. ती आत विहीणबाईंना पाटवडी कशी थापायची ते दाखवत होती.

मग आवाज चढले, आणि मी भाषांतर करू लागलो.

"या फुलवाल्याले म्हणा, तुह्या दुकानात मांडव टाकशीन काय? बोहल्यावर झेंडू अन् नवरदेव नालीत?"

मी व्याहींना सांगितलं, "अमरावतीला अकोल्याच्या जागेच्या सोयीबद्दल काही शंका आहेत."

मामांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "जवाईबुवा, त्यायनं लय मोठं भाषण केलं. तुमी लय छोटं सांगितलं."

"सार सांगितलं, मामा."

"सार नाई, बापू. आमचा अपमान पुरा सांगा. नाईतर त्या मानसाले समजन कसं, का आमी काहून चिडलो?"

बिनतोड मुद्दा होता. मी नालीसकट सगळं सांगितलं. व्याहींनी गंभीरपणे ऐकलं आणि काहीच बोलले नाहीत. नुसते बसून राहिले. त्यांच्याकडे दोन माणसं एका बाकावर तासभर न बोलता बसू शकतात आणि त्याला गप्पा म्हणतात, हे मला मुलीनं सांगितलं होतं. आमच्याकडे गल्लीत दोन मिनिटं शांतता झाली तर लोक कुणी गेलं का म्हणून बाहेर येतात. ती शांतता मोठ्या बाबांना झेपेना. ते चुळबुळले, खाकरले, टोपी काढून पुन्हा घातली, आणि शेवटी कुणी न मागता म्हणाले, "बरं, हळद अकोल्याले करा."

मी हादरलो. फळ्यावर मी हे दरवर्षी लिहितो: मौन हे वाटाघाटीचं साधन आहे. त्यानं माझ्या भावाकडून हळद काढून घेतली होती.

मामांनी मात्र हे ओळखलं. त्या क्षणापासून तेही गप्प बसले. आता टेबलाभोवती दोन माणसं गप्प, तिसरा गप्प राहायचा प्रयत्न करून लाल झालेला, आणि चौथा मी, ज्याला भाषांतर करायला काहीच नाही. आतून चहा आला. गल्लीतली एक गाय येऊन टेबल चाटून गेली. कुणी तिला हाकललं नाही, कारण हाकलण्यासाठी बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी व्याहींनी पद्धत बदलली. दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवू नये, वेगवेगळं ठेवावं आणि मध्यस्थानं इकडून तिकडे फिरावं. मामा गच्चीवर, मोठे बाबा स्वयंपाकघरात. व्याहींचा गुडघा दुखत होता, म्हणून ते जिन्याच्या मधल्या पायरीवर खुर्ची टाकून बसले, आणि फिरायचं काम माझ्याकडे आलं. मी खालून प्रस्ताव घेऊन मधल्या पायरीवर इंग्रजीत सांगायचा, व्याही त्यातलं तिखट काढून द्यायचे, मी वर जाऊन मराठीत सांगायचा आणि नवा प्रस्ताव घेऊन खाली यायचा. स्वयंपाकघरात मोठ्या बाबांसमोर बायकोनं दह्यात भिजवलेला गिला वडा ठेवला होता, त्यामुळे खालची भूमिका दर फेरीला मवाळ होत होती. हे मामांना गच्चीवर वासानं कळलं.

"जवाईबुवा, खाली काय चालू हाय?"

"चर्चा."

"चर्चेले दह्याचा वास येऊन राहिला."

आणि मामा उठले, चपला घातल्या, आणि कुणाशी न बोलता बसस्टँडवर निघून गेले.

मी धावत व्याहींकडे आलो. मला वाटलं सगळं संपलं. पण ते उजळले होते. "राजदूत परत बोलावला," ते म्हणाले. "फार चांगली खूण आहे. ज्याला करार नको असतो तो शेवटपर्यंत गोड बोलतो. ते बसमध्ये चढले का?"

मोठ्या बाबांनी स्टँडवरच्या ओळखीच्या पानठेल्यावर फोन केला. उत्तर आलं की मामा अकोल्याच्या गाडीसमोर उभे राहतात, गाडी भरते, निघते, आणि मामा पुन्हा बाकावर बसतात.

"म्हणजे वाट पाहतायत," व्याही म्हणाले. "कुणीतरी जावं. पण लगेच नाही. लगेच गेलं तर त्यांच्या जाण्याला किंमत राहणार नाही. फार उशीर केला तर आपल्याला किंमत राहणार नाही."

मोठे बाबा डोळे मोठे करून ऐकत होते. "हे तं आमच्या रुसव्यासारखंच हाय! याले काय सांगाव लागत नाई बावा. आनखी दोन गाड्या जाऊ द्या म्हणा."

दोन गाड्या गेल्यावर मी मामांना आणायला गेलो. ते बाकावर ऊस खात बसले होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. मी बाजूला बसलो. मी जावई, परंपरेनं रुसायचा हक्क माझा, आणि इतक्या वर्षांत मला कधी रुसायची संधीच मिळाली नव्हती. मी तसं म्हटलंही.

मामांनी उसाचं एक कांडं माझ्या हातात दिलं. "तुमी रुसले असते तं आमी आलो असतो ना, बापू. तुमी कधी चान्सच देल्ला नाई."

आम्ही ऊस संपवला आणि परत आलो. तोवर व्याहींनी टेबलावर नकाशा पसरला होता. त्यांनी एक बोट अकोल्यावर ठेवलं, एक अमरावतीवर, आणि दोन्ही बोटं हळूहळू एकमेकांकडे सरकवत आणली. ती जिथं भेटली तिथं लिहिलं होतं: मूर्तिजापूर.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ही शांतता खरी होती.

"मूर्तिजापुरात आपलं कोण हाय?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"कोणीच नाई," मामा म्हणाले.

"मंग तथी काहून?"

मी भाषांतर केलं. व्याही म्हणाले, "म्हणूनच. मोठ्या वादांच्या बैठका तिसऱ्याच्या घरी होतात. तिथं कुणाचं दार नसतं. दोघांनाही ती जागा सारखीच नको असते."

मामा आणि मोठे बाबा यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. मूर्तिजापूर आपल्याला नको आहे, पण समोरच्यालाही ते तितकंच नको आहे, आणि यात एक समाधान आहे. मोठ्या बाबांनी टेबलावर थाप मारली. हात चिकटला.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. "माझं माहेर अकोला, सासर अमरावती. पोरीची सासू एस्टोनियाची. अन् लग्न मूर्तिजापूरले?"

"तटस्थ भूमी आहे."

"गाडी बदलायले उतरतात लोक तथी," ती म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली. विहीणबाईंनी तिला काहीतरी विचारलं, तिनं हातवाऱ्यांनी काहीतरी सांगितलं, आणि दोघी इतक्या हसल्या की मी बाहेर आलो.

आता पत्रिका. पत्रिकेवर आधी कुणाच्या गावाचं नाव? मी म्हटलं, अक्षरक्रमानं घेऊ. मामा लगेच तयार झाले, कारण अकोल्यातला 'क' आधी येतो आणि अमरावतीतला 'म' नंतर. मोठे बाबा म्हणाले, मग मोठ्या शहराप्रमाणे घ्या. मामा म्हणाले, मग कापसाच्या बाजारावरून घ्या. तेव्हा कुठं पहिल्यांदा मला काहीतरी आठवलं. देशादेशांच्या करारांत जुनी रीत आहे: प्रत्येक देशाला जी प्रत जाते, तिच्यात त्याचं स्वतःचं नाव आधी असतं. मी हे सांगितलं. व्याहींनी माझा हात हातात घेऊन दाबला. छापखान्यातून तीन प्रकारच्या पत्रिका आल्या. अमरावतीच्या पाहुण्यांना अमरावती आधी, अकोल्याच्या पाहुण्यांना अकोला आधी, आणि एस्टोनियाला पाठवायच्या पत्रिकेत आमचा सगळ्यांचाच उल्लेख तळाशी, बारीक अक्षरांत. मामांना तो देश आवडला होता. ते त्याला 'इष्टोनिया' म्हणत. "नावातच इष्ट हाय," म्हणत.

फेब्रुवारीत मुलगी आणि जावई आले. हळद अकोल्याला झाली, ठरल्याप्रमाणे. मामांनी वावरातला सगळा झेंडू मूर्तिजापूरला आणून ओतला, आणि मोठ्या बाबांनी गावाकडून आचारी आणले.

मूर्तिजापूरच्या मंगल कार्यालयाला दोन दारं होती. एक अकोल्याच्या बाजूला, एक अमरावतीच्या. आम्ही ते कार्यालय त्यासाठीच घेतलं होतं. मामांची माणसं पश्चिमेकडून आत आली, मोठ्या बाबांची पूर्वेकडून, आणि मधल्या पटांगणात सगळे एकमेकांना असे भेटले की जणू दोन वेगळ्या लग्नांना आलेत. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बँड वाजला, वरात रस्त्यावर आली, आणि माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट ठरवायची राहून गेली.

नवरदेव कुठल्या दारानं येणार?

पूर्वेच्या दारात मोठे बाबा आरतीचं ताट घेतलेल्या बायकांसह उभे. पश्चिमेच्या दारात मामा हातात हार घेऊन. वरात बरोबर मध्ये, कंपाउंडच्या भिंतीसमोर थांबली. जावई घोड्यावर, डोक्यावर फेटा, चेहऱ्यावर तेच व्हिडिओ कॉलवालं हसू. घोडेवाला डावीकडे बघे, उजवीकडे बघे.

मी व्याहींकडे पळत गेलो. "तुम्ही काहीतरी सांगा."

त्यांनीही फेटा बांधला होता. ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मला आता बोलता येणार नाही. आजपर्यंत मी मध्यस्थ होतो. आज मी मुलाचा बाप आहे. मी आता पक्षकार आहे."

"पण मुहूर्त जातोय!"

"ते मला दिसतंय," ते म्हणाले, आणि नियम मोडला नाही.

गुरुजी ओरडत होते. बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. दोन्ही दारांतून लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण वाटाघाटी शिकवणारा एवढ्या गर्दीत मी एकटाच होतो. मी हात वर केला. सगळे शांत झाले. मी म्हटलं, "आपण एक छोटी विश्रांती घेऊ या."

यापुढचं मला कुणी विसरू दिलेलं नाही. आचाऱ्यांसकट सगळे हसले. घोडाही फुरफुरला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून माझी मुलगी ओरडली. मुंडावळ्या बांधलेल्या, हिरव्या शालूत, अर्धी बाहेर वाकलेली. "अहो, त्या मांडववाल्याची शिडी लावा भिंतीले!" आणि मग घोड्यावरच्या पोराला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

जावई घोड्यावरून उतरला. शिडी आली. तो शेरवानी गुडघ्यापर्यंत उचलून पायरी पायरी चढला, भिंतीवर बसला, आणि आतल्या बाजूला पाय सोडून उडी मारायचा विचार करू लागला. तेव्हा पूर्वेकडून मोठे बाबा आणि पश्चिमेकडून मामा, दोघंही धावले. मोठ्या बाबांनी एक पाय धरला, मामांनी दुसरा. "हयू! हयू बाप्पा, हयू!" असं ओरडत त्यांनी त्या उंच पोराला हळूहळू खाली उतरवलं. आरतीचं ताट आणि हार एकदमच पोचले. विहीणबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. मुहूर्त किंचित हुकला, असं गुरुजी म्हणाले, पण शिडीवर चढला तो क्षण धरला तर चालेल.

जेवणं झाली. मामा आणि मोठे बाबा एका पंगतीत बसले नाहीत. ते तसे बसतील असं मला वाटलं होतं. दोघं एकमेकांना वाढायला मात्र उभे राहिले, आणि एकमेकांच्या पानात इतकं वाढलं की त्यात सूड होता.

मग पाठवणी. बायको रडली, मामी रडल्या, मोठे बाबा टोपीनं तोंड पुसत रडले. मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी स्वतः रडलो ते मला अजून आठवतं, कारण दिवसभरात ती एकच गोष्ट मी कुणाला न विचारता केली. मग ती आमच्याच गाडीत येऊन बसली. विमान चार दिवसांनी होतं आणि तिचं सगळं सामान आमच्या घरी. जावईही पुढच्या सीटवर बसला. आम्ही सगळे डोळे पुसत अमरावतीला परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि मुलगी अंगणात चहा पीत होतो. ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही."

"आमचं लग्न तिकडे मागच्या वर्षीच झालं. नोंदणीनं. घर घ्यायचं होतं, तिकडे नवरा-बायको असलं की सोपं जातं."

मी कप खाली ठेवला. मला गल्लीतलं टेबल आठवलं, जिना आठवला, बसस्टँडवरचा ऊस, शिडी. "त्याच्या वडिलांना माहीत आहे?"

"ते साक्षीदार होते."

मी वरच्या खोलीत गेलो. व्याही सामान बांधत होते, आणि त्यांनी गच्च भरलेल्या बॅगेत मामांनी दिलेला झेंडूचा हार बसवायचा प्रयत्न चालवला होता. मी उभ्यानंच विचारलं. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"होय."

"मग हे सगळं कशासाठी?"

ते पलंगावर बसले. त्यांनी हार मांडीवर घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. यावेळी मी चुळबुळलो नाही. शेवटी ते म्हणाले, "सह्या फार लवकर होतात. दोन माणसं एका खोलीत जातात, सही करून बाहेर येतात. मग तो करार घरी न्यावा लागतो. घरी लोक त्यावर भांडतात, नाक मुरडतात, निघून जातात, परत येतात. ते झाल्याशिवाय तो कागदच राहतो. माझ्या मुलाची सही झाली होती. तुमच्या घराची व्हायची होती." मग थोड्या वेळानं, जरा ओशाळून म्हणाले, "आणि खरं सांगू का, निवृत्तीनंतर मला फार कंटाळा आला होता."

मी हे प्रकरण वर्गात शिकवतो. त्याला अनुसमर्थन म्हणतात. कुठल्याही विद्यार्थ्यानं आजवर त्यावर प्रश्न विचारलेला नाही, आणि तो विचारला जावा असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

रागावावं असं मनात होतं, पण खाली मोठ्या बाबांचा फोन वाजत होता. त्यांना व्याहींना आपलं शेत दाखवायचं होतं. मामांचा फोन त्याच वेळी बायकोकडे आला होता: व्याहींना बाळापूरचा किल्ला दाखवायचा होता. दोघांनाही उद्याचाच दिवस हवा होता. बायकोनं वर येऊन सांगितलं तसे व्याहींचे डोळे चमकले, पण विहीणबाईंनी मागून एस्टोनियन भाषेत दोन शब्द उच्चारले आणि ते मुकाट्यानं पुन्हा बॅग बांधू लागले.

"काय म्हणाल्या त्या?" मी बायकोला विचारलं.

"म्हणाल्या, बस झालं," बायको म्हणाली. तिला ती भाषा कधी यायला लागली, ते मी विचारलं नाही. उद्या सकाळी शेत, दुपारी किल्ला, हे त्या दोघींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.